सहा दिवाळी अंक, एक सोऱ्या आणि चौसष्ट डॉलर

काल रात्री पावणेबाराला कुरियरवाल्यांचा मेल आला. तुमचं पार्सल कस्टम्समधून सोडवता आलं नाही, सबब त्याची विल्हेवाट लावण्यात आली आहे. बस्स, एवढंच. खाली 'आमची सेवा कशी वाटली?' आणि भरायला पाच चांदण्या.

विल्हेवाट! म्हणजे नेमकं काय केलंत? जाळलंत? फाडलंत? कचऱ्याच्या गाडीत टाकलंत? त्या खोक्यात सहा दिवाळी अंक होते हो. कोरे, कुणी न उघडलेले. आणि माझ्या आईनं तुळशीबागेत स्वतः जाऊन, हातात धरून, दांडा फिरवून बघून घेतलेला चकलीचा सोऱ्या होता. आईचे गुडघे दुखतात. त्या गर्दीत ती तासभर उभी होती. तुम्ही कोण त्याची विल्हेवाट लावणारे?

रात्रभर झोप नाही. सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये गप्प बसून होते, तोंड उघडलं असतं तर कुणाचं तरी काही खरं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. दरवर्षी मी अंक पोस्टानं मागवते. महिना लागतो, पण येतात. यंदा, म्हणजे २०२५ला, २५ ऑगस्टपासून भारतीय पोस्टानं अमेरिकेचं बुकिंगच थांबवलं. आधी म्हणाले पत्रं, कागदपत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील, मग आठवड्याभरात तेही बंद. कारण इकडे अमेरिकेत २९ ऑगस्टपासून आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलांची ड्युटीमाफी उठवली. वसूल कुणी करायची, भरायची कुणी, कशी, याचा पत्ता ना टपालखात्यांना ना विमानकंपन्यांना. आधी हुकूम आणि मग विचार. पोस्ट सुरू झालं १५ ऑक्टोबरला. वसुबारस १७ला! अंक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाजारात आले होते, म्हणून मी शहाणपणानं खाजगी कुरियर केलं होतं. ४,६०० रुपये फक्त पाठवणावळ. अंक २,४०० रुपयांचे, सोऱ्या ९५० रुपयांचा. म्हणजे मालाच्या किमतीहून वाहतूक जास्त, तरी मी तोंडातून शब्द काढला नाही. दिवाळी आहे, म्हटलं, जाऊ दे.

पुणे, मुंबई, आणि तिसऱ्या दिवशी खोकं अमेरिकेत! मला वाटलं, वा. आणि मग 'क्लिअरन्स डिले', म्हणजे कस्टम्समध्ये अडकलंय. दुसऱ्या दिवशी 'क्लिअरन्स डिले'. लक्ष्मीपूजनाला 'क्लिअरन्स डिले'. भाऊबीजेला पहिला मेल आला तो हा: कृपया आपल्या पार्सलमधील ॲल्युमिनियम प्रथम कोणत्या देशात वितळवलं, नंतर कोणत्या देशात वितळवलं, आणि शेवटचं ओतकाम कोणत्या देशात झालं ते कळवा.

सोऱ्याचं! साडेनऊशे रुपयांच्या सोऱ्याची जन्मपत्रिका! माहीत नाही असं लिहायचीही सोय नव्हती, कारण उगम अज्ञात असेल तर दोनशे टक्के ड्युटी असा नियम होता. हा नियम जहाजं भरभरून धातू आणणाऱ्यांसाठी केला असेल, हे मला कळतं. पण चकली पाडणाऱ्या बाईला तोच फॉर्म? मी रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे सकाळी, तुळशीबागेतल्या दुकानात फोन लावला. दुकानदार बिचारे भले गृहस्थ. म्हणाले, "ताई, जुनी भांडी, भंगार वितळवून ओततात हो हे. कुठल्या देशातलं ते मी काय सांगू? बनवलंय इथंच, एवढं लिहून देतो." दिलंही लिहून. शिक्का मारून, फोटो काढून, व्हॉट्सॲपवर. मी ते मेलला जोडून पाठवलं. त्यावर उत्तर आलं की आपली माहिती अपुरी आहे. तीन वेळा. प्रत्येक वेळी तळाशी नवं नाव आणि वर तोच मजकूर, स्वल्पविरामासकट.

मग आलं बिल. ते अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे, येता-जाता वाचते आणि पुन्हा पेटते. मालाची किंमत अडतीस डॉलर. ड्युटी एकोणीस डॉलर. कस्टम्सचे कागद तुमच्या वतीनं भरले म्हणून 'ब्रोकरेज' बावीस. ड्युटी आम्ही तुमच्या वतीनं आधी भरणार म्हणून 'ॲडव्हान्स पेमेंट फी' पंधरा. एकाहून जास्त प्रकारचा माल आहे म्हणून 'ॲडिशनल लाइन फी' आठ. एकूण चौसष्ट. अडतीस डॉलरच्या मालावर चौसष्ट! आणि यातले सरकारचे फक्त एकोणीस. बाकीचे पंचेचाळीस कशाचे? चार रकाने भरायचे? तेही चुकीचे भरायचे?

कारण ते चुकीचे आहेतच. मी वकील नाही, पण मला वाचता येतं. हे जे पन्नास टक्के ऑगस्ट २०२५मध्ये भारतातून येणाऱ्या मालावर लावले, ते ज्या कायद्याच्या आधारानं लावले, तो १९७७ सालचा. आणि १९८८ साली त्याच कायद्यात दुरुस्ती करून पुस्तकं, मासिकं, छापील मजकूर त्यातून बाहेर काढलाय. राष्ट्राध्यक्षांनासुद्धा त्या कायद्याखाली पुस्तकांना हात लावता येत नाही. छापील मासिकांवर एरवीही ड्युटी शून्य. म्हणजे माझ्या सहा अंकांवर एक पैसा लागत नव्हता. लागत होता तो सोऱ्यावर, अकरा डॉलरच्या निम्मे. फार फार तर सहा डॉलर. मी भरले असते हो! त्याच रात्री भरले असते. मला कर भरायचा राग नाही, या देशात अठरा वर्षं भरतेय. पण जो कर नाहीच तो घ्यायचा, तो घेतल्याबद्दल वर फी घ्यायची, आणि मी कायद्याचं कलम दाखवलं की विल्हेवाट लावायची? याला आमच्याकडे दरोडा म्हणतात.

कलम दाखवायला फोन केला होता ना मी. एक तास दहा मिनिटं होल्डवर. तीच तीच सतार का काय ती. शेवटी एक बाई आल्या. मी म्हटलं, हे मासिक आहे. त्या म्हणाल्या, सिस्टीममध्ये 'पेपर आर्टिकल्स' असं आहे. मी म्हटलं, मग बदला, त्यात कथा आहेत, लेख आहेत, वाचायची गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, भाषा कोणती? मी म्हटलं, मराठी. पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "मॅम, सिस्टीममध्ये तो ऑप्शन नाही." भाषेचा आणि ड्युटीचा काय संबंध? पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. १९०९ पासून दिवाळी अंक निघताहेत, महायुद्धांत निघाले, कोरोनात निघाले, आणि यांच्या सिस्टीममध्ये ऑप्शन नाही.

आणि आता मला कुणी सांगू नका की "पीडीएफ का नाही वाचत?" हे ऐकवणारा घरातच आहे आणि काल रात्रीपासून आमचं बोलणं बंद आहे. दिवाळी अंक पीडीएफवर वाचायचा नसतो. तो उशाशी लागतो. त्यावर लाडवाचा तेलकट अंगठा उमटावा लागतो. जाहिरातींसकट वाचायचा असतो तो, पुरवून पुरवून, फेब्रुवारीपर्यंत. इथे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्या अंधारात मला ते सहा अंक पुरतात. हे ज्याला कळत नाही त्यानं गप्प बसावं.

तिकडचेही काही कमी नाहीत, हे पण आज बोलूनच टाकते. भारतात पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेट बिनड्युटीची जायची. मी बाबांना नाशिकला काहीबाही पाठवायचे, इथल्या साइटवरून थेट. डिसेंबर २०१९ला एका फटक्यात भेट म्हणून बिनड्युटीचं येणारं सगळं बंद. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. आणि राखीपुढे कंसात स्पष्ट लिहिलं होतं, राखीबरोबरच्या भेटवस्तू नाहीत! राखी चालेल, पाकिटात भावासाठी चॉकलेट टाकलंत तर नाही. हे बसून, विचार करून, टाइप करून, सही करून कुणीतरी काढलंय. त्याच वर्षीच्या बजेटात बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर पाच टक्के लावले होते. पुस्तकांवर! आणि २०२१च्या एप्रिलमध्ये, जेव्हा आम्ही इथून रात्र रात्र जागून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर शोधत होतो, तेव्हा घरगुती वापरासाठी मागवलेल्या यंत्रावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, होता. माणसं श्वासासाठी तडफडताहेत आणि वर २८ टक्के. १ मेपासून तो बारा केला. बाराच केला, शून्य नाही. आमच्या मामाचं यंत्र २ मेला सुटलं. मामा २९ एप्रिलला गेला होता. मी हे विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

म्हणून कस्टम्स हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. दोन्हीकडच्या साहेबांना वाटतं, पार्सल म्हणजे माल. एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आकडा), वजन, किंमत, संपलं. त्या खोक्यात आईनं अंकांना जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं होतं, कोपरे दुमडू नयेत म्हणून. जांभळी, बुट्ट्यांची, मी शाळेत असताना ती गॅदरिंगला नेसायची ती. मला फोनवर म्हणाली होती, "तुकडा टाकून देऊ नकोस गं, सोऱ्या पुसायला होईल." तो तुकडाही गेला. त्याला कुठला कोड?

आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, चकल्या कशा झाल्या? काटे आले का? मी म्हणते, अजून वेळच नाही झाला. तुळशीचं लग्न लागून गेलं तरी वेळ नाही झाला म्हणतेय, तिला एव्हाना कळलं असणार.

विम्याचं विचारून झालं. जप्त किंवा नष्ट झालेला माल विम्यात बसत नाही. पाठवणावळ परत मिळत नाही. आणि आज दुपारी ब्रोकरेजच्या बावीस डॉलरचं स्मरणपत्र आलं, कारण माल गेला तरी 'सेवा दिली गेली आहे'. मी ते भरणार नाही. वसुलीवाल्यांकडे द्यायचं तर द्या. कलमासकट, बिलासकट, दुकानदारांच्या शिक्क्यासकट सगळी फाइल तयार आहे, आणि इथल्या राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार आज संध्याकाळीच टाकली आहे. बावीस डॉलरसाठी बावीस महिने भांडायची माझी तयारी आहे.

अंकवाल्या काकांना फोन केला. सहापैकी दोन संपले, पुन्हा छापणार नाहीत. उरलेले चार त्यांनी बाजूला काढून ठेवलेत. "पोस्ट सुरू झालंय की," म्हणाले, "टाकू का?" नको म्हटलं. आता विश्वासच उरलेला नाही. मग जे अठरा वर्षांपूर्वी करायचे तेच केलं, आमच्या ग्रुपवर विचारलं, पुण्याहून कुणी येणारं आहे का? एका मैत्रिणीच्या सासूबाई जानेवारीत येताहेत. त्यांच्या बॅगेत नातवाची खेळणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, सगळं आधीच ठरलंय, पण दोन किलोंची जागा काढतो म्हणाल्या. चार अंक दोन किलोंत बसतात. सोऱ्या नाही बसत.