मीठ कमी आहे, असं सांग तिला

आईला सोलापूरहून ह्यूस्टनला आणताना मी व्हिसा, विमा, गुडघ्याचा पट्टा, शेंगाचटणीचे चार डबे, सगळ्याचा विचार केला होता. एका गोष्टीचा केला नव्हता. पुढचे पाच महिने तिचं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडणार होतं, आणि ते जसंच्या तसं पडू दिलं तर आम्हाला गावात परत कुठं पाय ठेवता येणार नव्हता.

आम्ही राहतो केटीत. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आय-टेन हायवेच्या दोन्ही अंगांना पसरलेलं हे गाव. इथं व्हेनेझुएलाची माणसं इतकी आहेत की लोक गावाला लाडानं ‘केटीझुएला’ म्हणतात. 2002-03 मध्ये तिकडच्या सरकारी तेल कंपनीत मोठा संप झाला, सुमारे 18 हजार कामगारांना घरी बसवलं, आणि त्यांतले बरेच इंजिनियर तेलाच्या वासावर इकडे आले. पुढे देशाचीच घडी विसकटली. आतापर्यंत 70 लाखांहून जास्त लोकांनी तो देश सोडलाय. एवढी माणसं निघाली की त्यांच्यामागून तवेही निघतातच. त्यातला एक तवा आमच्या घरापासून चार मिनिटांवर, लाँड्री आणि नखं रंगवायच्या दुकानाच्या मध्ये येऊन बसलाय. आठ टेबलं. आजी आत, जावई गल्ल्यावर, नातू टेबलांवर.

मेनू कार्ड उघडलं की डावं पान आजीचं आणि उजवं नातवाचं. डावीकडे आरेपा, काचापा, काळा घेवडा, तळलेली पिकली केळी. नातू वाढलाय टेक्ससमध्ये, त्यामुळे उजवीकडे आरेप्यात बार्बेक्यूचं ब्रिस्केट, आरेप्यात मॅक अँड चीज, आणि पावाऐवजी कच्च्या केळ्याच्या दोन तळलेल्या चकत्यांत दाबलेला बर्गर. आमची आई चीज डोशाकडे ज्या नजरेनं बघते, त्याच नजरेनं आजी त्या उजव्या पानातल्या ऑर्डरी घेते.

खरा प्रश्न बोलण्याचा. आई मराठीत मला सांगणार, मी इंग्रजीत नातवाला, नातू स्पॅनिशमध्ये आजीला. मध्ये दोन सांधे, आणि एक तर नक्की गळका. शिवाय मी मोबाइलवर तीन आठवडे स्पॅनिश शिकलो होतो, म्हणजे धोका वाढलाच होता. मागं एकदा असाच एका ठिकाणी मी ऐटीत ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं म्हणालो होतो आणि त्यांनी मनापासून चिकन आणून ठेवलं होतं. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या बोलीत कार्ने म्हणजे साधारण गाईबैलाचं मांस. कोंबडी म्हणजे कोंबडी, ती कार्ने कशी होईल? हॅम तर भाजीतच जमा. म्हणून या वेळी मी पंचतंत्रातले सगळे प्राणी एकेक करून नातवाकडून वगळून घेतले. मासा सांगितला, अंडं सांगितलं. नातू म्हणाला, “मग राहतं काय?” हा प्रश्न मी आईपर्यंत पोचवला नाही. दुभाषी म्हणून माझी पहिली अफरातफर ती.

मग आरेप्यांची नावं आली. आरेपा म्हणजे मक्याच्या पिठाची तळहाताएवढी जाड भाकरी, चिरून आत सारण भरलेली. सारणावरून नाव ठरतं. ‘रेइना पेपियादा’ ही राणी आहे, 1955 साली जगत्सुंदरी झालेल्या त्यांच्या सुसाना दुइमच्या मानात ठेवलेलं नाव. पण राणीच्या पोटात कोंबडी निघाली. ‘कातिरा’ म्हणजे गोरी. तिच्यातही कोंबडीच.

“आणि ही पेलुआ?” आईनं बोट ठेवलं.

नातवानं सांगितलं, पेलुआ म्हणजे केसाळ. आत मांसाचे तंतू आणि किसलेलं चीज असतं, दिसायला केसांसारखं. मी भाषांतर करून मोकळा झालो आणि लगेच पस्तावलो. जेवणात एक केस निघाला तर ताट परत पाठवणारी बाई ही, आणि इथं मुद्दाम नाव देऊन, पैसे घेऊन केस वाढतात असं मी तिला सांगून बसलो होतो.

“शाकाहारी काय आहे ते विचार,” बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या होझे आल्तुवेच्या फोटोकडे होतं. ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाचा हा हिरो व्हेनेझुएलाचा, उंची 5 फूट 6 इंच. ती कळल्यावर बाबा इतके खूश झाले की गल्ल्यावरच्या जावयाला थेट मराठीत म्हणाले, “आमचा सचिन पाच-पाच!” जावयानं अंगठा वर केला. एकही दुभाषी न लागलेला हा त्या दुपारचा एकमेव व्यवहार.

शाकाहारी आरेपा एकच निघाला. सारण काहीच नसलेला. त्याचं नाव ‘व्यूदा’. मी नातवाला अर्थ विचारला, त्यानं सांगितला, आणि मी तो गिळायचा प्रयत्न केला. पण आईला माझं गिळणं ओळखू येतं.

“काय म्हणाला?”

“काही नाही. साधा.”

“साध्याला एवढा वेळ लागत नाही.”

“विधवा म्हणतात त्याला. आत कुणी नसतं म्हणून.”

आईनं शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा आल्तुवेकडे पाहत होते.

“असलं नाव तोंडात नको,” ती म्हणाली. “आणि का म्हणून तिनं रिकामं राहायचं? भरायला सांग की काहीतरी.”

मी एवढंच कळवलं की आईला सारण हवंय. आतून आजीचा आवाज आला, नातू गेला, परत आला. काळा घेवडा आणि वर किसलेलं पांढरं चीज चालेल का? ते घातलं की त्या आरेप्याचं नाव बदलून ‘दोमिनो’ होतं, काळं-पांढरं म्हणून. आईला हा पुनर्विवाह एकदम पसंत पडला. घेवड्यात डुकराची चरबी नाही ना, हे मी तीनदा विचारून घेतलं.

“आओरीता,” नातू म्हणाला. शब्दाचा अर्थ ‘आत्ताच’. व्यवहारात तो आपल्या ‘हा काय, निघालोच’ इतकाच खरा असतो.

मधल्या वेळात पापेलोन कोन लिमोन आलं. आईनं ग्लास नाकाशी नेला आणि सोलापूरच्या उसात वाढलेल्या बाईनं क्षणात निकाल दिला, “गूळ आहे हा.” होताच. गूळ, पाणी, लिंबू, बर्फ. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी द्यायची रीत इथंही आहे, हे पाहून ती सैलावली. तळलेली युका आली, ती मी ‘साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोच हा’ म्हणून पुढे केली. “म्हणजे उपासाला चालतं,” म्हणत बाबांनी उपास नसताना अर्धी बशी संपवली. सोबत अव्होकाडोची हिरवी चटणी होती, ग्वासाकाका. “हे कुठले काका?” असं बाबा म्हणाले. हे मी भाषांतरित केलं नाही, आणि ते बाबांच्याच भल्यासाठी होतं.

मग आरेपा आला. आणि त्याच्यामागं, हात पुसत, स्वतः आजी. सगळे प्राणी नाकारणारी बाई दिसते कशी, हे बघायला आली असावी. “मी रेइना,” माझी राणी, असं आईला म्हणून ती टेबलाशी उभी राहिली.

आईनं आरेपा उलटा केला, बोटानं टकटक केली, कडेनं वाकून पाहिलं. भाकरीच्या बाबतीत सोलापूरचा माणूस न्यायाधीश असतो, साक्षीदार कधीच नसतो.

“पीठ कसलं?”

आजीनं आतून हरिना पान असं लिहिलेला पिवळा पुडा मागवला. मका आधीच शिजवून, वाळवून केलेलं पीठ. 1960 साली हे बाजारात आलं आणि मका कांडा, उकडा, वाटा या रोजच्या मरणातून तिकडच्या बायका सुटल्या. हे मी आईला आदरानं सांगितलं. आईनं पुडा चाचपला.

“म्हणजे तयार उकडच म्हण की. तरीच. ही भाकरी नाही. सुरीनं पोट फाडावं लागतं हिचं. भाकरी आपण होऊन फुगते, पापुद्रा सुटतो. सांग तिला.”

“शी सेज इट्स व्हेरी फिलिंग,” मी नातवाला म्हणालो.

नातवानं आजीला काहीतरी सांगितलं. आजी हसली, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून.

आईनं घास घेतला. चावला. थांबली.

“साखर आहे यात. घेवड्यात साखर! पुण्याची आहे का ही?”

या साखरेवरून व्हेनेझुएलातही घराघरांत तट आहेत. काही जण काळ्या घेवड्यावर साखर भुरभुरतात आणि बाकीचे त्यांना नावं ठेवतात. म्हणजे आईनं नकळत तिकडच्या एका जुन्या भांडणात बाजू घेतली होती. पण पुणं समजावून सांगण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नाही.

“आणि मीठ कमी आहे. असं सांग तिला.”

“मुय रीको,” मी थेट आजीला म्हणालो. फार चविष्ट.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मग आईच्या न हलणाऱ्या जबड्याकडे. मग मागं वळून शेजारच्या टेबलावरची मिठाची बाटली उचलली आणि काही न बोलता आईच्या पुढ्यात ठेवली.

आईनंही काही न बोलता मीठ घातलं, खाल्लं, आणि मान हलवली. आजीनंही हलवली. आम्ही दोघं दुभाषी मध्ये उभे, भिंतीवरच्या घड्याळासारखे. आईनं पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढून टेबलावर ठेवली तेव्हाही कुणी आम्हाला विचारलं नाही. आजीनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, दुसरी चिमूट घेतली.

बिल दिलं. निघताना आजी चार तेकेन्योस, म्हणजे कणकेत गुंडाळून तळलेल्या चीजच्या कांड्या, कागदी पिशवीत घालून घेऊन आली. आईचे दोन्ही हात धरले आणि चांगलं अर्धं मिनिट न थांबता बोलली. बोलताना एकदा तिनं बाबांच्या पोटाकडे, एकदा माझ्या मनगटांकडे आणि दोनदा नातवाकडे हात केला.

मी नातवाकडे वळलो.

“शी सेज थँक यू, कम अगेन,” तो म्हणाला.

मी आईला सांगितलं, “आभार मानतेय. पुन्हा या म्हणाली.”

“काहीतरीच,” आई म्हणाली. “यांचं तळकट कमी करा म्हणाली. तू वाळलायस म्हणाली. आणि हा नातू काय सांगतो कुणास ठाऊक, यांच्यामार्फत बोलण्यात काही अर्थ नाही म्हणाली.”

मी नातवाकडे पाहिलं. त्यानं फडकं उचललं आणि पुसून झालेलं टेबल परत पुसायला घेतलं.