दहा मीटरांतली एक वीत

आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या मुलाने मोठ्या हौसेने मला आपल्या गाडीचे बॉनेट उघडून दाखवले. गाडी साधी आहे. १२०० सीसीची, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक, जी रोज बोरिवलीहून अंधेरीला ऑफिसला जाते आणि संध्याकाळी परत येते. कंपनीने दिलेला काळा एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचे खोके, काढून त्याच्या जागी चकाकता ॲल्युमिनियमचा पाइप बसवला होता आणि पाइपाच्या टोकाला शंकूच्या आकाराचा लाल, उघडा फिल्टर होता. पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधली पाच आकडी रक्कम त्यात गेली होती. "काकू, दुकानदार म्हणाला, बारा हॉर्सपॉवर वाढतात आणि मायलेजही सुधारतं," असे तो म्हणाला. मला काही बोलवले नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता आणि त्याला सांगितलेली दोन्ही वाक्ये खोटी होती. दिवसभर ते मनात खदखदत राहिले, म्हणून आता इथे लिहीत आहे.

माझा राग त्या दुकानदारावर आहे. ज्या इंजिनाची कारखान्यातून आलेली ताकद ८३ हॉर्सपॉवरच्या आसपास आहे, त्यात १२ ने वाढ म्हणजे जवळजवळ १४ टक्के वाढ. इंजिनाला १४ टक्के जास्त ताकद हवी असेल, तर त्याच्या पोटात तितकी जास्त हवा जायला हवी. टर्बो नसलेले इंजिन हवा दाबून आत घेत नाही. बाहेरच्या वातावरणाचा दाब जेवढी हवा आत ढकलेल तेवढीच त्याला मिळते. म्हणजे दुकानदाराचे म्हणणे खरे असेल, तर कंपनीचा पाइप आणि फिल्टर आज त्या दाबातला जवळजवळ आठवा हिस्सा गिळत असला पाहिजे. तो किती गिळतो हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात हेच खूळ शिरले होते. त्याची गाडीही अशीच बाराशे सीसीची होती. तो अशाच पाइप-फिल्टरच्या किटचा फोटो घेऊन आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेला आणि मी सोबत होते. काकांचा हात पद्मिनी टॅक्सींच्या कार्ब्युरेटरवर बसलेला, त्यांचा वाद घालण्याचा स्वभाव नाही. त्यांनी शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, ती इंग्रजी 'यू'सारखी वाकवून एका पुठ्ठ्यावर चिकटवली, तिच्यात पाणी भरले आणि पातळी नीट दिसावी म्हणून पाण्यात चिमूटभर नीळ टाकली. नळीचे एक टोक फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बसवले आणि दुसरे उघडे ठेवले. पाइपात हवेला जितका अडथळा, तितका नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात फरक पडतो. एवढे साधे ते यंत्र होते.

रविवारी पहाटे रस्ता रिकामा असताना आम्ही घोडबंदरच्या बाजूला गायमुखच्या चढावर गेलो. भाऊ चालवत होता, काका शेजारी होते आणि पुठ्ठा माझ्या मांडीवर होता. दुसऱ्या गिअरमध्ये पेडल जमिनीला टेकवून इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला ६००० पर्यंत नेल्यावर निळ्या पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये जेमतेम एक वीत अंतर पडले. मग काकांनी एअरबॉक्स उघडला, आतला कागदी फिल्टर पूर्णपणे काढून टाकला, झाकण लावले आणि तोच चढ पुन्हा चढायला सांगितले. पाणी दोन बोटे कमी चढले.

वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत सांगायचा, तर तो सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. त्या दहा मीटरांपैकी कंपनीची संपूर्ण हवेची वाट, म्हणजे पुढचे तोंड, खोके, फिल्टर आणि पाइप मिळून, एक वीत खात होती. हे साधारण दोन टक्के झाले, आणि तेही इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत असताना. ती सगळी वीत जादूने नाहीशी झाली, तरी ८३ मध्ये पावणेदोन हॉर्सपॉवरच्या वर काही मिळणार नाही. फिल्टरचा त्यात वाटा फक्त दोन बोटांचा होता. काका एवढेच म्हणाले, "फिल्टरच काढला तरी पाणी इतकंच हलतं. मग नवा फिल्टर आणखी काय देणार?" या प्रश्नाला आजवर मला कुणी उत्तर दिलेले नाही. जगातला कितीही महाग फिल्टर हा फिल्टर नसण्यापेक्षा मोकळा असू शकत नाही.

जाहिरातीतल्या डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखांवर माझा विश्वास नाही, हे सांगून टाकते. त्या चाचण्यांमध्ये बहुतेकदा बॉनेट उघडे असते आणि समोर मोठा पंखा सुरू असतो. अशा वेळी उघड्या फिल्टरला खोलीतली थंड हवा मिळते, जी त्याला रस्त्यावर कधीच मिळणार नाही. शिवाय तीच गाडी, काहीही न बदलता, लागोपाठ दोनदा डायनोवर चढवली तरी एक-दोन टक्क्यांचा फरक सहज दिसतो. म्हणजे ज्या वाढीचा एवढा गाजावाजा होतो, ती मोजमापाच्या नेहमीच्या चढउतारातच हरवून जाते.

आता मायलेजविषयी, कारण या थापेने मला सर्वांत जास्त चीड येते. त्या पहाटे परत येताना माजिवड्याच्या सिग्नलजवळ आम्ही रहदारीत अडकलो. नळी अजून जोडलेलीच होती, आणि रांगत जाणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीत होते. त्याचे कारण सरळ आहे. रहदारीत थ्रॉटलची, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या पलीकडे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही कमी असतो. हवा आपण स्वतःच पायाने अडवून धरलेली असते. स्वयंपाकघरातला नळ करंगळीएवढ्या धारेवर ठेवायचा आणि गच्चीवरच्या टाकीचा पाइप रुंद करायला प्लंबर बोलवायचा, तशातला हा खर्च आहे. बाराशे सीसीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीत मिनिटाला तीन हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर संध्याकाळी सरपटताना त्याच्या दहाव्या हिश्श्यावर त्याचे भागते. आपल्यापैकी कोण महिन्यातून किती वेळा ६००० वर गाडी नेतो?

पेट्रोलचा हिशेब तर गाडीतला संगणक ठेवतो. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा, हे प्रमाण तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून सांभाळतो. हवा सहज आली की तितकेच पेट्रोल देतो. 'फिल्टर मोकळा तर ॲव्हरेज जास्त' ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. तेव्हा फिल्टर तुंबला की मिश्रण खरोखर घट्ट व्हायचे आणि गाडी पेट्रोल प्यायची. काकांनी असे शेकडो फिल्टर झटकले आहेत. तो काळ गेला, पण दुकानांतली वाक्ये तशीच राहिली.

कुणी म्हणेल की, किट बसवल्यावर गाडी हलकी वाटते, हा अनुभव खोटा कसा? अनुभव खोटा नाही. बहुतेकांचा जुना फिल्टर तोवर मेट्रोच्या कामांची आणि पुनर्विकासाची धूळ खाऊन भरलेला असतो, त्यामुळे कोणताही नवा फिल्टर बरा वाटतो. काहीशे रुपयांचा कंपनीचा कागदी फिल्टर बसवला असता तरी तेच वाटले असते. आणि आवाज वाढतो. कंपनीने एअरबॉक्सला जोडलेली पोकळ खोकी, म्हणजे रेझोनेटर, ही हवेची घरघर शोषून घेण्यासाठी असतात. ती काढली की इंजिन कानाशी गुरगुरू लागते, आणि तो आवाज ऐकायला पाय आपोआप खोल जातो.

आवाजाबद्दल मात्र मी नमते घेते. ज्याला ती गुरगुर आवडते आणि जो तिच्यासाठीच पैसे मोजतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. माझ्या भावालाही खरे तर तेच हवे होते, हे मला त्या चढावर त्याच्या तोंडाकडे पाहून कळले होते. पंचविशीतल्या मुलाला आपली गाडी इतरांसारखी नसावी असे वाटते, आणि ईएमआय, पार्किंग आणि रहदारी यांत पिचलेल्या या शहरात तेवढी हौस त्याने करू नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण मग दुकानदाराने आवाज विकतो असे सांगावे. ताकद आणि मायलेज यांच्या नावाने आवाज विकणे ही फसवणूक आहे.

आणि ताकद वाढत नाही एवढ्यावर हे थांबत नाही, ती कमीही होते. कंपनीचा पाइप बहुतेक गाड्यांत पुढून, ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. शंकूचा उघडा फिल्टर इंजिनाच्या शेजारी बसून बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात बाहेर ३५ अंश असताना, रहदारीत थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. तीस अंशांच्या या फरकाने हवा सुमारे ९ टक्क्यांनी विरळ होते, आणि हवा तापलेली पाहून संगणक ठिणगीही उशिरा पाडू लागतो. त्या पहाटे आम्ही ज्या दोन टक्क्यांसाठी चढ चढलो, त्याच्या चौपट इथे सिग्नलला उभ्याउभ्या जाते. काही चांगल्या किटमध्ये फिल्टरभोवती उष्णतेला आडोसा असतो, हे मान्य आहे. पण बंद खोके आणि पुढून हवा घेणारे तोंड, हे सगळे कंपनीने आधीच दिले होते.

उष्णता टाळण्यासाठी फिल्टर खाली, बंपरच्या आत नेणारी किटही मिळतात. मुंबईत ती विकणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणेन, आणि हा शब्द मी विचार करून वापरत आहे. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट ही पावसात पाणी तुंबणाऱ्या जागांची नावे मला कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की वर येणारा पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या महिन्यांत काकांनी किती वाकलेले रॉड बाहेर काढले ते त्यांच्याकडूनच ऐकावे. त्या गाड्यांमध्ये तर हवेचे तोंड वरच होते. आपण ते आपल्या हाताने चाकाच्या उंचीवर आणून ठेवायचे? पाण्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि न कळवलेला बदल सापडला की तेही अडचणीत येते. दुकानदाराने त्या मुलाला यातले एक अक्षर सांगितले नव्हते.

धुळीबद्दल थोडक्यात सांगते. कागदी फिल्टर बारीक धूळही अडवतो म्हणूनच तो थोडा अडथळा करतो. जो जास्त मोकळा, तो बहुधा जास्त धूळ आत सोडतो. त्या दिवशी काकांनी भावाला घाई केली होती ती याचसाठी. एकदा चढ झाला की लगेच फिल्टर परत बसवला, आणि पाइपाच्या आतून फिरवलेले बोट त्याला दाखवले. ते स्वच्छ होते, आणि ते तसेच राहिले पाहिजे असे ते म्हणाले. तेल लावलेल्या, धुऊन वापरायच्या फिल्टरांमध्ये आणखी एक धोका असतो. तेल जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसते आणि मोजमापच बिघडते. योग्य तेल, योग्य प्रमाणात लावणाऱ्याला हा फिल्टर बरीच वर्षे पुरतो, हेही खरे आहे.

टर्बो इंजिनाची बाब वेगळी आहे, तिथे हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आधीचा अडथळा जास्त जाणवतो आणि नव्या ट्यूनिंगसोबत काही हाती लागू शकते. ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीचा एकेक टक्काही मोलाचा असतो. मी या दोन्हींविषयी बोलत नाही. मी बोलते आहे ती तुमच्या-माझ्या गाडीविषयी, जी शाळेत मुलांना सोडते, दादरला भाजी आणते आणि गणपतीत कोकणात जाते.

तेवढ्याच पैशांत चांगले टायर येतात, आणि पावसात ओल्या रस्त्यावर गाडी थांबते ती त्यांच्यामुळे. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, प्लग बदला, व्हील अलाइनमेंट करा, कंपनीचा कागदी फिल्टर मॅन्युअलमधल्या अंतराच्या थोडा आधीच बदला; मुंबईच्या धुळीत ते गरजेचे आहे. एवढे केल्यावर गाडी जितकी मोकळी चालेल तितकी ती मुळातच होती.

या पोस्टखाली कुणाला वाद घालायचा असेल तर जरूर घालावा, पण 'फरक जाणवतो' असे लिहू नये. टर्बो नसलेली एकच गाडी, एकाच दिवशी, बॉनेट बंद ठेवून, आधी नव्या कागदी फिल्टरसह आणि मग किटसह डायनोवर चढवलेली असेल, तर दोन्ही कागदांचे फोटो टाका. मी ते काकांना नेऊन दाखवीन. डायनो परवडत नसेल, तर गवंड्याची नळी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.