शुक्रावरच्या ज्वालामुखीचा तो 'फोटो' नाही

काळ्या आकाशाखाली तांबूस-नारिंगी लाव्हा आणि मागे टोकदार डोंगर. 'शुक्रावरच्या मात मॉन्स ज्वालामुखीचा नासाने काढलेला खरा फोटो' म्हणून हे चित्र सध्या फिरते आहे. हा फोटो नाही. शुक्राच्या दाट ढगांमुळे कक्षेतून साध्या कॅमेऱ्याला असे दृश्य टिपताच येत नाही.

नासाच्या मॅगेलन यानाने १९९० ते १९९२ या काळात रडारने शुक्राचा नकाशा केला. रडारच्या प्रतिमा उंचीच्या मोजमापांवर चढवून संगणकाने हे दृश्य उभे केले. रंग व्हेनेरा १३ आणि १४ या सोव्हिएत यानांनी शुक्राच्या जमिनीवरून पाठवलेल्या चित्रांच्या आधाराने भरलेला आहे, आणि शुक्रावरून आकाश काळे दिसत नाही.

सर्वांत मोठी फसगत उंचीची. एका प्रसिद्ध आवृत्तीत उभे माप तब्बल २२.५ पट ताणले आहे, म्हणून तो सुळका वाटतो. प्रत्यक्षात मात मॉन्स सुमारे ८ किमी उंच असला, तरी शेकडो किलोमीटर पसरलेला, अगदी मंद उताराचा आहे. नासाने मूळ चित्रासोबत हे स्पष्ट लिहिले होते. पुढे पाठवताना नेमकी तीच ओळ गळते, याचे वाईट वाटते.

पण म्हणून चित्र साफ खोटे ठरवू नका. याच रडार प्रतिमांत १९९१ मध्ये, आठ महिन्यांत, तिथले एक ज्वालामुखीचे मुख रुंदावल्याचे संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले.