चांदी, पुठ्ठा आणि अ‍ॅझ्टेक

जेवणानंतर डार्क चॉकलेटची एक वडी, बस! रक्तातल्या साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी गोड बंद केलं, त्यातून बायकोने दया येऊन काढलेली ही पळवाट. वडी ती मोडून देणार, उरलेली पट्टी तिच्या कपाटात.

रात्री दीड वाजता चॉकलेटची चांदी कधी सोलून बघा. दिवसा ऐकूही न येणारी ती चांदी रात्री पत्रे उचकटल्यासारखी वाजते. म्हणून मी खोकत खोकत सोलतो. एका खोकल्याला एक वडी. तिसऱ्या खोकल्याला आतून हाक येते, "अहो, वाफ घेता का?"

या सगळ्याचं मूळ 1847 सालात आहे. तोवर चॉकलेट ही मुख्यतः प्यायची वस्तू. मेक्सिकोतले जुने अ‍ॅझ्टेक लोक त्यात मिरची घालत, उंचावरून ओतून फेस काढत. साखर त्यांना ठाऊकच नव्हती, म्हणजे आमच्या डॉक्टरांचीही हरकत नसती. पुढे युरोपात ते प्यायल्याने उपास मोडतो का, यावर वाद पेटला. 1662 मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो या बड्या कॅथलिक धर्मगुरूने सांगितलं, पातळ पदार्थाने उपास मोडत नाही. (काय देवमाणूस!) शिवाय पेय असलं की कप विसळला, पुरावा संपला. पण 1847 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोकोची भुकटी, साखर आणि वितळवलेलं कोको बटर कालवून खायची पट्टी पाडली, आणि लपवाछपवी आमच्या नशिबी आली.

गेल्या आठवड्यात अख्खी पट्टी संपली. मी मापात पुठ्ठा कापला, चांदीत गुंडाळला, वेष्टन चढवून जागच्या जागी ठेवला. लाज वाटली नाही, कारण या धंद्याचं घराणं जुनं आहे. अ‍ॅझ्टेकांकडे कोकोच्या बिया पैसा म्हणून चालत. मेक्सिकोतल्या 1545 सालच्या एका दरपत्रकात टर्की पक्ष्याची मादी 100 बियांना आहे. आता पैसा म्हटला की खोटा पैसा आलाच. बीचं साल अलगद सोडवून आत मेण नाहीतर राजगिऱ्याचं पीठ भरणारे महाभाग तिथे होते. काय हात असेल एकेकाचा! माझ्या चांदीला दोन सुरकुत्या पडल्याच.

काल जेवण झालं. बायको कपाटाकडे गेली. मी पेपरात डोकं घातलं. चांदीचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही, मग कात्रीचा.

"घ्या, आजची वडी."

बशीत पुठ्ठ्याचा नीट कापलेला चौकोन होता. चारही कोपरे गोल केलेले.