दोन मीटर इलॅस्टिक

हार्ड डिस्कला स्वतःचा आवाज असा फारसा नसतोच. बोंबलतो तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पत्रा. मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 फेरे घेणारी चकती. तिची थरथर चार स्क्रूंमधून पत्र्यात उतरते, पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून थेट माझ्या उशीत. माझ्याकडे तर दोन डिस्क. दोघींच्या वेगात केसभर फरक, त्यामुळे घूंऽऽ सलग नाही. चढणार, उतरणार, पुन्हा चढणार. मध्यरात्री माणूस पुढच्या चढाची वाट बघत पडून राहतो.

नागपुरात हे दुखणं उन्हाळ्यात कळत नाही. खिडकीतला कूलर असा गरजत असतो की आलेल्या पाहुण्यांशीही खुणांनीच बोलावं लागतं. दिवाळीनंतर थंडी पडते, कूलर प्लास्टिक पांघरून बसतो, पंखे थांबतात आणि मग कळतं घरात कोण कोण बोलतंय.

सल्ले फुकट मिळाले. एक मित्र म्हणाला, थर्माकोलमध्ये गुंडाळ. बहुतेक डिस्कची सहनशक्ती 60 अंशांपर्यंत. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असतात. गुदमरून जीवच जायचा बिचारीचा.

बर्डीहून रबरी वॉशर आणले. कल्पना उत्तम, पण सगळी मदार स्क्रूवर. सैल ठेवला तर डिस्क खुळखुळते. आवळला तर रबर चपटं होतं, लोखंडाला लोखंड भिडतं आणि घूं परत हजर. आणि एकदा हातात पेचकस आला की शेवटचा अर्धा आटा आवळल्याशिवाय राहवतं कुणाला?

मग जालीम उपाय उरला: स्क्रूच नको. सीडी ड्राइव्हचे खण सव्वापाच इंची, डिस्क साडेतीन इंची. दोन्ही अंगांना बोट जाईल एवढी जागा राहते. खणात इलॅस्टिक ताणून बांधायचं आणि त्यात डिस्क अधांतरी ठेवायची, पत्र्याला शिवू द्यायची नाही. वारा खेळतो तो वर.

इतवारीत दुकानदाराने विचारलं, "कशाले पाहिजे? लेंग्याले का परकराले?"

"कॉम्प्युटरले."

त्याने मानही वर केली नाही. "मंग रुंदवालं न्या. बारीक लवकर ढिलं पडते."

अर्धा-पाऊण किलोचं वजन दिवसरात्र पेलायचं म्हटल्यावर याहून शहाणा सल्ला मला कोणत्याही इंजिनियरने दिला नव्हता.

घूं गेली. फाइल शोधताना हेडची, म्हणजे चकती वाचणाऱ्या टोकाची, करकर तेवढी उरली. ती राहू दे, निदान कामाची आहे. झाकण उघडं असताना शेजारचे काका डोकावले. पट्ट्यांवर हलकेच झुलणारी डिस्क बघून म्हणाले, "हे का करून राहिले जी? बारसं केव्हा?"

पाळण्याची खोड एकच. आतलं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, चालू डिस्कला धक्का सोसत नाही. त्यामुळे कॅबिनेट तसूभर सरकवायचं तरी मशीन बंद करा, चकत्या थांबू द्या, पट्ट्यांतून दोघींना अलगद सोडवा. रविवारी नेमकं माझं काहीतरी महत्त्वाचं कॉपी होत असतं आणि बायको बादली घेऊन दारात उभी राहते.

"अहो, तुमच्या पोरी उचला आधी. फरशी पुसायची आहे."