मोनेच्या कड्यांना मोतीबिंदू चिकटवणाऱ्यांनो

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय. वर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 1883चं ‘मानपोर्त’, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एत्रता गावाजवळ असलेल्या खडूच्या कड्यातली प्रचंड कमान. खाली मजकूर असा: मोनेला मोतीबिंदू होता, म्हणून त्याला कडे धूसर आणि निळे दिसले. दिसत नसल्यामुळेच तो तिथे लाटेत सापडला. असली चित्रं तो अर्ध्या तासात, एका बैठकीत उरकायचा. काळा रंग त्याने आयुष्यात वापरला नाही. आणि तात्पर्य: ‘ऑपरेशनची घाई नको, मोतीबिंदू पिकू द्या, कलाकाराची नजर मिळते.’ हे वाचून आमच्या मावशीने ठरलेली तारीख पुढे ढकलली. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मोनेला मोतीबिंदू झाला होता, हे खरं. पण निदान झालं 1912 मध्ये. ‘मानपोर्त’ रंगवलं तेव्हा तो 42 वर्षांचा होता. मधल्या 29 वर्षांचं काय करायचं?

तारखा बाजूला ठेवल्या तरी रंगच उलटी साक्ष देतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि जांभळा-निळा प्रकाश आधी अडवतं. म्हणजे निळं जास्त दिसत नाही, कमी दिसतं. मोनेची खरोखर मोतीबिंदूच्या काळातली चित्रं बघा. 1920च्या आसपासचे त्याच्या बागेतल्या जपानी पुलाचे कॅनव्हास लाल-तपकिरी आहेत, पूल शोधावा लागतो. एत्रताच्या चित्रांत निळ्या-जांभळ्याची रेलचेल आहे, कारण खडू पांढरा असतो. उन्हातली बाजू पिवळसर-केशरी होते आणि सावलीतल्या बाजूवर फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून ती निळसर. एखाद्या निरभ्र सकाळी चुना दिलेल्या भिंतीची सावली पाहा. डोळे तपासून घ्यायची गरज पडणार नाही.

धूसरपणाचंही तेच. ‘मानपोर्त’मध्ये कड्याचे आडवे थर एकेका फटकाऱ्याने ओढलेत आणि कमानीच्या पायथ्याशी दोन चिमुकली माणसं दोन-चार स्पर्शांत उभी केलीत. त्यांच्यामुळेच कमानीची उंची कळते. नजर गेलेल्या माणसाचं हे काम नव्हे.

आता ते ‘पिकू द्या’. मोनेने पिकू दिला, भीतीपोटी. शेवटी शेवटी तो ट्यूबवरची लेबलं वाचून आणि रंगपाटीवरचा ठरलेला क्रम लक्षात ठेवून रंग घ्यायचा. 1922 पर्यंत उजव्या डोळ्याला जेमतेम उजेड कळत होता. मित्र क्लेमांसो, जो स्वतः डॉक्टर होता, मागे लागला, तेव्हा कुठे 1923 मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेही टप्प्याटप्प्याने. डोकं न हलवता पडून राहायचं आणि नंतर जाड चष्मा, कारण डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सोय 1949 पर्यंत नव्हतीच. ऑपरेशननंतर सगळं निळंच दिसतं म्हणून त्याने तक्रारी केल्या, रंगीत काचा लावल्या आणि मग पुन्हा कामाला बसला. आज दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन भिंग बसवतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. उलट फार पिकून कडक झालेला मोतीबिंदू काढणंच अवघड जातं. तारीख कधीची घ्यायची हे नेत्रतज्ज्ञ सांगेल, फॉरवर्ड नाही.

लाटेचा किस्सा खरा आहे, कारण खोटं. 27 नोव्हेंबर 1885 ला मोने मानपोर्तच्या कड्याखाली रंगवत होता. ओहोटी लागली असं समजला, आणि होती भरती. लाटेने त्याला कड्यावर आपटलं, कॅनव्हास आणि सामान गेलं, रंगपाटी तोंडावर येऊन दाढी निळी-पिवळी झाली. हे त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. त्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी सात-आठ मीटर चढतं-उतरतं. भरतीचं गणित चुकलेल्या माणसाला मोतीबिंदू लागत नाही.

‘एका बैठकीत’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य. समोर बसून तो घाईने रंगवायचा, कारण उजेड थांबत नाही. पण उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. लेखक मोपासाँने त्याला एत्रतात पाहिलं तेव्हा मुलं त्याच्यामागून पाच-सहा कॅनव्हास वाहत होती, सगळ्यांवर एकच देखावा, वेगवेगळ्या वेळचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने त्याच्या 1882च्या, नॉर्मंडीतल्याच पुरव्हिलच्या कड्याच्या चित्राचा एक्स-रे काढला, तर उजवीकडचा खडक आधी मोठा होता आणि समुद्र-आकाशाचा तोल जमावा म्हणून त्याने तो कमी केला, असं दिसलं. अर्ध्या तासात उरकणारा माणूस खडक छाटत बसत नाही. चित्र एका बैठकीतलं आहे की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे: ओल्यावर ओला रंग लावला की खालचा रंग ओढला जाऊन मिसळतो, वाळलेल्या जाड थरावर लावला की ब्रश फक्त उंचवट्यांना लागतो आणि खाचांत जुना रंग तसाच दिसतो. तेलरंगाचा जाड थर वाळायला काही दिवस तरी जातातच.

काळा रंग? 1860च्या दशकात वापरलाय. पुढे सोडला, 1905च्या पत्रात त्याने दिलेल्या यादीत पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट निळा आणि एमराल्ड हिरवा एवढेच आहेत.

फॉरवर्डमधला फोटोही भडक केलेला आहे. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, 65.4 × 81.3 सेंटिमीटर. त्यांच्या साइटवरून मोठा फोटो फुकट उतरवता येतो. पुढे पाठवायचाच असेल तर तो पाठवा, खालच्या मजकुराशिवाय.