सकाळी अंबाझरीच्या पाळीवर फिरायला जाणाऱ्यांसाठी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, आपल्या नागपुरातला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, मोरभवन बस स्थानकातल्या बसेस पाण्यात. माझी मावशी अंबाझरी लेआउटमध्ये राहते, तिला शेजारच्या पोरांनी उचलून वरच्या मजल्यावर नेलं म्हणून वाचली. आणि लक्षात घ्या, त्या रात्री पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, फुटलीच नव्हती, नुसतं सांडव्यावरून (जादा पाणी बाहेर जायची वाट) आलेलं पाणी आणि नाल्याचं पाणी मिळून ही गत झाली.

तेव्हापासून मी जुन्या मातीच्या धरणांबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि एक धरण डोक्यातून जातच नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाचं गाव आहे, तिथलं केली बार्न्स धरण. १८९९ मध्ये छोट्याशा वीजघरासाठी लाकूड आणि दगडाचा बांध घातला, १९३७ मध्ये तिथल्या बायबल कॉलेजने त्याच्यावरच मातीचा बांध चढवला, पुढे अजून उंच केला. १९५७ मध्ये वीज बनवणं बंद झालं आणि उरला फक्त तलाव, मासे धरायला, फिरायला. १९७३ च्या एका फोटोत बांधाचा मागचा उतार घसरलेला दिसतो! पुढे ६ नोव्हेंबर १९७७, रात्री दीडच्या सुमारास, पावसात बांध गेला आणि खाली कॉलेजात झोपलेली ३९ माणसं गेली. चौकशीत एकच असं कारण सापडलं नाही, खूप उभा उतार, आतून गेलेला जुना पाइप, भिजलेली माती, सगळंच संशयात. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातल्या धोकादायक धरणांची तपासणी करायला लावली.

मला यात आपलं अंबाझरी दिसतं हो. १८७० च्या सुमाराचा तलाव, एकेकाळी शहराला पाणी पुरवायचा, आता आपण तिथे बोटिंगला आणि भुट्टा खायला जातो. वीज बंद झाली, पाणीपुरवठा बंद झाला की त्या पाळीकडे रोज बघणारा माणूसही जातो, पण मागे पाणी तेवढंच दाबत असतं ना. मिशिगनमधलं एडनव्हिल, १९२४ चं, तेही विजेचंच. मोठा पूर सोडायला सांडवा पुरत नाही म्हणून २०१८ मध्ये वीज बनवायचं लायसन्स काढून घेतलं, धरण मात्र भरलेलं तसंच राहिलं. १९ मे २०२० ला फुटलं, आणि तेही वरून पाणी न जाता, आतली भुसभुशीत वाळू भिजून एकदम बसली. दहा हजारांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून जीव वाचले.

झाडांचं पण बोलतो. काही वर्षांपूर्वी पाळीवरची झाडं काढायची म्हटलं तेव्हा मी विरोध करणाऱ्यांत होतो, मनापासून. आज माझं मत बदललंय. मोठं झाड मेलं की मूळ कुजतं, आत पोकळी राहते आणि पाण्याला आयती वाट मिळते. पण नुसतं कापून बुंधे तसेच सोडले तर तेही घातकच, मुळं काढून खड्डे माती दाबून-कुटून भरायला पाहिजेत. आणि तेवढीच झाडं दुसरीकडे लावा, त्यासाठी मी आजही भांडीन.

सांडव्यासमोरच्या बांधकामाचं प्रकरण हायकोर्टात गेलं, त्यावर सगळे बोलले. पाळीच्या पोटाबद्दल कोणी बोलत नाही. मातीच्या पाळीतून थोडं पाणी पाझरणारच, स्वच्छ आणि दरवर्षी तेवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही. पण तेच पाणी गढूळ आलं म्हणजे आतली माती सोबत घेऊन येतंय. हे ऑफिसात बसून कळत नाही, पायथ्याशी जाऊन बघावं लागतं. म्हणून माझी मागणी साधी आहे, पावसाळ्यात रोज पाळीच्या खालच्या बाजूने चालणारा एक माणूस ठेवा, झिरपणाऱ्या पाण्याची नोंद लिहा आणि ती वही खालच्या वस्त्यांना बघू द्या.

तोवर तुम्ही फिरायला जाता तर उतारावर भेग, खचलेली जागा, नवीन ओल दिसली की फोटो काढा, तारीख टाका, महानगरपालिकेकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मी मागच्या रविवारपासून सुरू केलंय, सकाळी सहाला सोबत कोणी येत असेल तर कमेंटमध्ये सांगा.